अंजनेरीवरचा हा नाकतोडा कोणता?

रविवारी सकाळी अंजनेरीच्या पठारावर गवतात हा दिसला. चार फोटो जोडले आहेत, सगळे मोबाइलचे. लांबी अंदाजे दीड इंच, पंख शरीरभर, म्हणजे पिल्लू नाही. रंग मातकट तपकिरी, मागच्या पायांची नळी तांबूस. मिशा आखूड आहेत, त्यामुळे लांब मिशांचा कॅटीडिड नक्की नाही. रुईवरचा रंगीत नाकतोडाही नाही, तो मला ओळखू येतो. आणि तिथे रुई नव्हतीच.

खरी गंमत उडताना दिसली: मागचे पंख पिवळे आणि त्यावर काळा कमानदार पट्टा. बसला की मातीत गायब! तो फोटो मात्र हलला आहे, तिसरा बघा.

आयनॅचरलिस्टवर (फोटोवरून जीव ओळखायची साइट) टाकला तर एकदा गॅस्ट्रिमार्गस आणि एकदा ओडेलियस असं उत्तर आलं, ही नाकतोड्यांच्या दोन गटांची शास्त्रीय नावं. दोघांचे मागचे पंख पिवळे, पट्टा काळा. ओडेलियसच्या मानेवरच्या ढालीवर फिकट फुलीसारखी खूण असते असं वाचलं. दुसऱ्या फोटोत ती पुसट भासते, पण तो उन्हाचा खेळही असेल.

पकडून टाचणीला लावायचा नाही. येत्या रविवारी परत जातोय. फुली नीट दिसली नाही, तर फोटोवरून या दोघांत फरक करायला ढालीचा नेमका कोणता भाग, कुठल्या कोनातून टिपू?