डेव्हिड डेव्हिस नुसता वशिल्याचा जज नव्हता

काही जण म्हणतात की डेव्हिसला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाची खुर्ची निव्वळ राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या दोस्तीमुळे मिळाली. मिळाली खरी, १८६० च्या रिपब्लिकन पक्षाच्या शिकागो अधिवेशनात लिंकनच्या उमेदवारीसाठी सगळी जुळवाजुळव यानेच केली आणि १८६२ ला नेमणूक झाली, लपवण्यासारखं काय त्यात. पण त्याआधीची १४ वर्षं बघा ना, इलिनॉयमधे आठव्या सर्किटचा जज, म्हणजे घोड्यावर नाहीतर बग्गीत गावोगाव फिरून कोर्ट भरवायचं, मागे वकिलांचा तांडा, त्यातच लिंकन. गडी सव्वाशे किलोच्या वर होता, बग्गीच्या घोड्यांची दया येते मला!

आणि दोस्तीचंच म्हणाल तर १८६६ चा मिलिगन खटला वाचा. लिंकनच्याच सरकारने इंडियानातल्या एका नागरिकावर लष्करी आयोगापुढे खटला चालवून फाशी सुनावली होती, डेव्हिसने निकालात लिहिलं की साधी कोर्टं चालू असताना हे घटनेत बसत नाही. संपलं.

त्याची खरी गंमत १८७७ ची. रिपब्लिकन हेज विरुद्ध डेमोक्रॅट टिल्डन या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा वाद सोडवायला १५ जणांचा आयोग, त्यात याचं मत निर्णायक ठरणार असं सगळे धरून चाललेले, तेवढ्यात इलिनॉयच्या विधिमंडळाने डेमोक्रॅट्सच्या मदतीने याला सिनेटर निवडून दिलं. याने आयोगावर बसायला नकार दिला, जागी रिपब्लिकन जज ब्रॅडली आला आणि ८-७ ने हेज राष्ट्राध्यक्ष. डेमोक्रॅट्सनी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला की हो :)