मदत हवी आहे: संध्याकाळच्या भुकेला मुलांनी स्वतः करून खाण्यासारखं काय? (वय १४ आणि १७)

श्रावणसर

नमस्कार मंडळी,

आम्ही डोंबिवलीला. मी आणि नवरा दोघंही नोकरीला, घरी पोचेपर्यंत साडेसात-पावणेआठ होतात. मुलगी नववीत, मुलगा अकरावी सायन्सला. सकाळच्या डब्याची आणि रात्रीच्या जेवणाची अडचण नाही. पोळी-भाजी, वरण-भात, उसळ, रविवारी मासे किंवा मटण असं नीट चालतं. घोडं अडतं ते संध्याकाळी. मुलगा चारला येतो, पाचला क्लासला पळतो तो आठलाच उगवतो. मुलगी साडेपाचला येते. त्या वेळी घरात मोठं कुणी नसतं, त्यामुळे मॅगी, फरसाण, नाहीतर कोपऱ्यावरचा वडापाव. मग जेवायच्या वेळी "भूक नाही" आणि साडेदहाला फ्रिजचं दार वाजतं.

हे असंच चालू राहिलं असतं, पण मुलीचं हिमोग्लोबिन १०.४ आलंय. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यात, तीन महिन्यांनी परत तपासायचं आहे. तिकडे मुलाला मित्रांचं बघून प्रोटीन पावडरचा डबा हवाय. किंमत ऐकून नवरा गप्पच बसला.

आता अटी. रविवारी मी दोनेक तास देऊ शकते. मुलाला गॅस वापरता येतो, ऑम्लेट जमतं. मुलगी एकटी असताना मी तिला गॅस लावू देत नाही, पण मायक्रोवेव्ह आहे. दहा मिनिटांच्या वर काही नको. आणि कृपया खजूर-सुकामेव्याचे लाडू सुचवू नका, पहिल्या दिवशी दोन संपतात आणि नंतर डबा तसाच राहतो. नाचणीचं सत्त्व बघितलं की मुलगी खोलीचं दार लावून घेते.

सई_ठाणे

दडपे पोहे! गॅसच नको. फोडणी रविवारी करून ठेवायची: तेल, मोहरी, हिंग, हळद, सुकी लाल मिरची, भरपूर दाणे, कढीपत्ता कुरकुरीत होईपर्यंत. थंड झाली की काचेच्या बरणीत घालून फ्रिजमध्ये. संध्याकाळी पातळ पोहे, किसलेली काकडी, कांदा, ओलं खोबरं, मीठ-साखर, लिंबू आणि दोन चमचे फोडणी कालवून वर ताटली दडपायची. काकडी आणि खोबऱ्याच्या ओलाव्यानेच पोहे मऊ होतात. हात धुऊन कपडे बदलेपर्यंत तयार. वाफवलेले मूग असतील तर तेही घाला. आमच्याकडे यात डाळिंबाचे दाणेही पडतात, पण ते नवऱ्याचं खूळ आहे.

मोरपंखी

आहारशास्त्र शिकले आहे, म्हणून थोडं आकड्यांत सांगते. आयसीएमआर-एनआयएन या आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशींप्रमाणे १३ ते १५ वयाच्या मुलीला रोज ३० मिलिग्रॅम लोह लागतं, त्याच वयाच्या मुलाला २२. पाळी सुरू झालेली असते, वाढही जोरात असते. त्यामुळे एकाच ताटात जेवूनही भावाचं बरं आणि बहिणीचं कमी असं होऊ शकतं.

१०.४ ला नुसत्या खाण्यावर भागणार नाही, गोळ्या पूर्ण करा. गोळी दूध किंवा चहाबरोबर नको, मध्ये निदान तासाभराचं अंतर हवं. शाळेतून आठवड्याची निळी गोळी मिळत असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण तीही लोहाचीच असते.

बीट लाल असतं म्हणून रक्त वाढत नाही, त्यात लोह नगण्य. नाचणी कॅल्शियमसाठी उत्तम, १०० ग्रॅममध्ये साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम, पण लोहासाठी तिच्यामागे लागू नका. मुलीचं दार उघडं राहू दे! अळीव, हरभरे, मटकी, चवळी, तीळ, पालेभाज्या यांत लोह असतं, पण शरीरात ते कमी शोषलं जातं. सोबत लिंबू, पेरू, आवळा असला की शोषण वाढतं. वर सईने दडप्यात लिंबू सांगितलंय ते नुसतं चवीचं नाही. तुम्ही मासे-मटण खाता हे तर फारच चांगलं. त्यातलं लोह लवकर अंगी लागतं, शिवाय त्याच जेवणातल्या धान्य-भाजीतलं लोहही जास्त शोषलं जातं.

मुलाचं म्हणाल तर १६ ते १८ वयाच्या मुलाला दिवसाला ५५ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. दोन अंडी १२, मोठा पेला दूध ८, मूठभर फुटाणे ६, दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ १२ ते १४, पाच पोळ्या १५. डबा न आणताच पन्नाशी ओलांडली.

उंडगा१९

मी स्वतः अकरावी-बारावीत हेच केलंय म्हणून मुलांच्या बाजूने. काकू, फ्रिजवर चिठ्ठी लावू नका, कुणी वाचत नाही. भुकेच्या वेळी आम्ही डब्यांची झाकणं उघडत बसत नाही. फरसाण का खाल्लं जातं? ते बरणीतून दिसतं आणि हात घातला की तोंडात जातं. त्याच बरणीत फुटाणे, दाणे, कुरमुरे, थोडी शेव भरा (शेव राहू द्या, नाहीतर बंड होईल). पेरू चिरून तिखट-मीठ लावून समोरच्या कप्प्यात.

क्लासला जाताना बसून खायला वेळ नसतो. सकाळच्या दोन पोळ्या, आत सुकी उसळ किंवा ऑम्लेट, गुंडाळी करून हातात. वडापावच्या गाडीजवळून जाताना पोट भरलेलं असेल तर सुटतो माणूस. रोज नाही, पण सुटतो.

पळसफूल

मायक्रोवेव्हवाल्या मुलीसाठी: मध्यम रताळं धुवायचं, काट्याने टोचायचं, पाच-सहा मिनिटांत शिजतं. वर दही आणि जिरेपूड. रविवारी अंडी कडक उकडून सालासकट फ्रिजमध्ये ठेवा, आठवडाभर राहतात. मात्र ती मायक्रोवेव्हमध्ये गरम करायची नाहीत हे तिला बजावून ठेवा, फुटतात.

हरभरे, राजमा, चवळी एकदाच कुकरला लावून वाटीवाटीच्या डब्यांत फ्रीझरला टाका. एक डबा बाहेर काढला, कांदा-टोमॅटो-कोथिंबीर-लिंबू घातलं की भेळेसारखं खातात. मोड आलेली कडधान्यं मात्र कच्ची देऊ नका, वाफवूनच. मोड आणायच्या उबेत जंतूही वाढतात.

भाजणी घरात असेल तर मुलगा थालीपीठ लावू शकेल. पिठात कांदा आणि पालक चिरून गोळा सकाळीच भिजवून फ्रिजमध्ये ठेवा. जाड तव्यावर थापलं, झाकण ठेवलं की झालं. माझा धाकटा मेतकूट-तूप-भातावरही खूष असतो, सकाळचा भात असला की.

श्रावणसर

सगळ्यांचे मनापासून आभार. मोरपंखी, पाच पोळ्यांचा हिशोब मुलाला वाचून दाखवला, "मग सहा खातो" म्हणाला. डब्याचा विषय तूर्त मागे पडलाय. उंडगा, शेव ठेवते.

या रविवारी फोडणीची बरणी, हरभरे आणि अंडी एवढंच करणार आहे. दोन शंका. मुलगी आल्याआल्या चहा घेते, तो पूर्ण बंद करावा का? आणि ओलं खोबरं रोज खवायला कोण बसणार?

मोरपंखी

बंद नको, चिडेल. आधी खाणं, तासाभराने चहा.

सई_ठाणे

दोन नारळ एकदम खवून पिशवीत पातळ पसरून फ्रीझरला. लागेल तेवढा तुकडा मोडून घ्यायचा, पोह्यांत कालवेपर्यंत सुटतो.