तापमान, उष्णतामान की ऊर्जा?

ताऱ्यांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात सूर्याच्या गाभ्याचं तापमान दीड कोटी केल्विन दिलंय, पुढच्याच वाक्यात तिथल्या कणांची ऊर्जा सुमारे 2 हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे ऊर्जेचं एकक), आणि मग 'या दोन्ही गोष्टी एकच' असं विधान. एकच कशा? शिवाय जुन्या पुस्तकांत 'उष्णतामान' दिसतं. कोणता शब्द घेऊ?

—

'तापमान'च घ्या, पण त्यातल्या 'ताप'पेक्षा 'मान'कडे बघा. आपल्याकडे 'आयुर्मान' आहे. एका माणसाला वय असतं. आयुर्मान असतं ते समूहाचं. तसंच एकट्या प्रोटॉनला ऊर्जा असते, तापमान नसतं. असंख्य कण एकमेकांवर आदळून ऊर्जा वाटून घेतात, तेव्हा त्या गर्दीला तापमान येतं. मला हा शब्द म्हणूनच फार आवडतो.

'एकच' मात्र चूक आहे, 'प्रमाणात' म्हणा. 1 इलेक्ट्रॉन-व्होल्टशी सुमारे 11,600 केल्विन जुळतात. दीड कोटीला त्याने भागलं की साधारण 1,300 येतात आणि कणाची सरासरी गतिज ऊर्जा त्याच्या दीडपट, म्हणून 2 हजारांच्या जवळ. इथे ऊर्जा सारखी असते, वेग नव्हे. त्याच गाभ्यात हलका इलेक्ट्रॉन प्रोटॉनच्या सुमारे 43 पट वेगाने पळतो. 'तापमान म्हणजे कणांचा वेग' असं कुठे लिहिलं असेल तर तेही बदला.

आणि 'सरासरी' हा शब्द कृपया गाळू नका, ताऱ्याचं सगळं जगणं त्यावर आहे. दोन प्रोटॉनांमधलं विद्युत प्रतिकर्षण ओलांडून त्यांना एकमेकांना भिडायचं तर साधारण 10 लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतील. सरासरी ऊर्जा त्याच्या शेकडो पटींनी कमी. तरी संमीलन (अणुकेंद्रं जुळून एक होणं) होतं, कारण काही थोडे कण सरासरीच्या बरेच वर असतात, आणि पुंजयामिकीमुळे (क्वांटम मेकॅनिक्स) तो अडथळा न ओलांडताही पार होण्याची किंचित शक्यता उरते. हे भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅमॉव्हच्या 1928 च्या कामातून पुढे आलं. गाभ्यात मुख्यतः 6 हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासच्या टकरी फळतात.

—

'उष्णतामान'बद्दल: उष्णता किती, हे कण किती आहेत यावरही ठरतं. सूर्याच्या किरीटाचं (कोरोना, सूर्याभोवतीचं बाहेरचं वातावरण) तापमान 10 लाख केल्विनच्या वर, पृष्ठभागाचं जेमतेम 5,800. पण किरीट इतका विरळ की त्याची धग जवळजवळ नाही. 2021 मध्ये नासाचं पार्कर यान त्यात शिरलं, तेव्हा त्याच्या ढालीला तापवत होता तो मुख्यतः पृष्ठभागावरून येणारा प्रकाश. 'किरीटाचं उष्णतामान प्रचंड' असं वाचलं की वाचक नेमका तिथे फसतो.

—

मग श्वेत बटूचं (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला दाट गाभा) काय? तो निवत जातो, तरी त्यातल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा प्रचंडच राहते, असं लेखात पुढे आहे.

—

तिथे तापमान आणि ऊर्जेचं ते प्रमाण मोडतं. इलेक्ट्रॉन इतके दाटीने बसलेले असतात की खालच्या ऊर्जेच्या जागा भरून जातात आणि एका जागी दोघांना बसता येत नाही, म्हणून उरलेल्यांना वरच राहावं लागतं. ही ऊर्जा घनतेने दिलेली आहे, तापमानाने नव्हे. श्वेत बटू कितीही निवला तरी ती काढून घेता येत नाही, आणि त्याच बळावर तो कोसळत नाही. त्या परिच्छेदात 'तापमान म्हणजे सरासरी ऊर्जा' हे सूत्र वापरू नका.

—

छोटी भर: 'अंश केल्विन' लिहू नका. 1967 पासून नुसतं 'केल्विन'.

—

आभार. वाक्य असं केलं: 'सूर्याच्या गाभ्याचं तापमान दीड कोटी केल्विन आहे, म्हणजे तिथल्या कणांची सरासरी गतिज ऊर्जा सुमारे 2 हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते.' श्वेत बटूचा परिच्छेद पुन्हा लिहायला घेते.