बारा तास बसूनही काम उरायलंय, वेळेत घरी जायचं कसं?

प्लॅनिंग_वाळूज

नमस्कार मंडळी, वाळूज एमआयडीसीत एका ऑटो पार्टच्या कंपनीत प्लॅनिंग अन् डिस्पॅच बघतो, नऊ वर्षं झाली. मूळ गेवराईकडचा, राहायला बजाजनगरला. सकाळी साडेआठला गेटच्या आत असतो आणि बाहेर पडायला रात्रीचे साडेआठ, कधी नऊ पण होतात, आठवड्याचे सहा दिवस, स्टाफमध्ये असल्यामुळं ओव्हरटाईम वगैरे काही नाही. तक्रार पैशाची नाहीच. एवढं बसून पण काम संपत नाही, रोज उद्यावर काहीतरी उरतंच, याचा त्रास व्हायलाय.

दिवस कसा जातो सांगतो. गेल्या गेल्या कालचं प्रोडक्शन बघायचं, आरएमचा, म्हणजे कच्च्या मालाचा, स्टॉक, कस्टमरच्या पोर्टलवर शेड्युल बदललंय का ते, तेवढ्यात फोन सुरू. सेल्सवाला विचारतो गाडी निघाली का, स्टोअरवाला विचारतो ही कॉईल कोणत्या पार्टला लावू, प्लेटिंगवाला म्हणतो माल उद्या देतो, कस्टमरचा माणूस तर दर तासाला. अकराला मीटिंग, ती साडेबारापर्यंत. दुपारून पुन्हा तेच. माझं खरं काम म्हणजे दुसऱ्या दिवसाचा प्लॅन आणि शॉर्टेज लिस्ट, ते मी साडेपाचनंतर फोन जरा शांत झाले की हातात घेतो, म्हणजे डोकं पार थकल्यावर.

बायको घाटीत, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, स्टाफ नर्स आहे. तिचं काम माझ्यापेक्षा जड, तिथं चूक झाली तर माणसाच्या जिवावर येतं, तरी ड्युटी संपली की ती पुढच्या सिस्टरला एकेका पेशंटचा चार्ज देते आणि निघते. तुम्ही का निघू शकत नाही असं तिनं साधंच विचारलं, मला उत्तर देता आलं नाही.

साहेबांना बोललो तर ते म्हणाले टाईम मॅनेजमेंट शीक. मग व्हिडिओ बघून पहाटे पाचला उठायला लागलो, बारा दिवस केलं, तेराव्या दिवशी दुपारी एवढी झापड आली की प्लॅनमध्ये ८४० च्या जागी ४८० टाकले आणि रात्री स्पेशल गाडी पाठवावी लागली. ज्यांनी खरंच तास कमी केलेत आणि काम पण नीट होतंय अशांनी सांगा, नेमकं काय केलं.

शेंद्रा_क्यूए

सेम प्रॉब्लेम, फक्त पार्ट वेगळे. फॉलो करायलोय.

टूलरूमवाले_काका

बाळा, चिकलठाण्यात टूलरूम आणि प्रेस शॉपमध्ये २६ वर्षं काढली, आता रिटायर आहे. तू पहाटे उठायचं सोडलंस ते बरं केलंस. झोप कापून तास काढले की ते तास दुपारी परत जातात, वर चुकीचा खर्च.

आमच्याकडं प्रेसची डाय, म्हणजे पार्टचा साचा, बदलायला एक तास दहा मिनिटं लागायची. सगळे म्हणायचे पोरं हळू आहेत. मग एकदा नुसतं शेजारी उभं राहून लिहून काढलं, कुणालाच काही न बोलता. मशीन बंद करून मग डाय आणायला जायलेत, क्रेन दुसरीकडं अडकलेली, बोल्टचं माप वेगळं म्हणून पुन्हा स्टोअरला चक्कर, पॅकिंगच्या पट्ट्या शोधायलेत. यातलं निम्म्याच्या वर काम मशीन चालू असताना आधीच करून ठेवता येण्यासारखं होतं. पुढची डाय अर्धा तास आधी प्रेसजवळ आणून ठेवायची, बोल्ट एकाच मापाचे, पट्ट्या त्याच ट्रॉलीवर. पंचवीस मिनिटांवर आलं. एकाही पोराला पळावं लागलं नाही. हे काही आमच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं, जपानच्या शिगेओ शिंगोंनी हीच गोष्ट मांडली होती, १९६९ च्या सुमारास टोयोटात हजार टनी प्रेसची चार तासांची सेटिंग आधी दीड तासावर आणि नंतर तीन मिनिटांवर आणली.

आता तुझं बघ. तुझं मशीन म्हणजे तुझं डोकं, आणि प्रत्येक फोन म्हणजे एक डाय चेंज. प्लॅनमधून उठून प्लेटिंगवाल्याशी बोलायचं, परत प्लॅनवर यायचं, आपण कुठं होतो ते आठवायचं. बोलणं दोन मिनिटांचं असतं रे, परत बसायलाच वेळ जातो. आणि साडेपाचला प्लॅन करायला बसतोस तेव्हा स्टॉकचा आकडा तरी तयार असतो का, का तो पण तूच शोधतोस? ते बघ.

एकच काम सांगतो. सहा दिवस वही जवळ ठेव आणि दर अर्ध्या तासाला काय केलं ते लिही. कोणाचा फोन, कशासाठी, एवढंच. सुधारायला जाऊ नको त्या आठवड्यात, नुसतं लिही.

लातूर_जीएसटी

काकांचं पटलं, माझा अनुभव पण जोडते. लातूरला जीएसटी आणि हिशोबाचं काम करते, आडत दुकानं, दोन डाळ मिल, बाकी किरकोळ दुकानदार, माझ्याकडं दोन मुली कामाला आहेत. आमचं गणित तारखांचं, ११ तारखेला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं रिटर्न, २० ला ३बी म्हणजे कर भरायचं रिटर्न, मध्ये १४ ला २बी म्हणजे पोर्टलवरची खरेदीची यादी येते ती जुळवायची. तीन वर्षांपूर्वीपर्यंत ८ ते २० तारीख म्हणजे आमच्याकडं रात्रीचे अकरा ठरलेले. मुलींचे आईवडील मला फोन करायचे, कधी सोडता म्हणून. त्यांच्या घरच्यांना उत्तर देताना फार वाईट वाटायचं.

लिहून काढल्यावर कळलं की रिटर्न भरायला वेळ लागतच नाही. बिलं गोळा करण्यात जातो. लोक १० तारखेला संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फोटो टाकतात, त्यातला निम्मा अंधारात काढलेला, नंबर दिसत नाही, मग फोन, मग त्यांचा मुलगा शाळेतून आल्यावर दुसरा फोटो. मी सगळ्या क्लायंटना स्वतः जाऊन सांगितलं की बिलं ५ तारखेपर्यंत, त्यानंतर आलेली पुढच्या महिन्यात, आणि विक्रीचं बिल राहून उशिराचं व्याज लागलं तर ते तुमचं. दोघंजण सोडून गेले. एक जण फार जुना होता, आमच्या वडिलांपासूनचा, त्या दिवशी जेवण गेलं नाही मला. पण बाकीचे वळले. आणि फोन सकाळी अकराला, तीनला आणि साडेपाचला, या तीन वेळेलाच परत करते, अर्जंट असेल तर कशाला अर्जंट म्हणायचं तेही सांगून ठेवलंय, नोटीस आली किंवा गाडी ई-वे बिलासाठी अडली तरच.

आता सातला कुलूप लागतं, १० आणि १९ तारखेला फार तर साडेआठ. चुका पण कमी झाल्या, कारण २बी जुळवणं सकाळी डोकं ताजं असताना होतं. दादा, तुमच्या फोनवाल्यांना काय पाहिजे असतं ते एकदा बघा, माझा अंदाज आहे की बहुतेक सगळे एकच प्रश्न विचारत असतील.

कामगार_पोरगा_जालना

वरच्या दोघांचा आदर आहे पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. आमच्याकडं कुणी उशिरापर्यंत बसलं की त्यालाच दोष देतात, तुझं नियोजन चुकलं म्हणून. कधी कधी साधं कारण असतं, दोन माणसांचं काम एकाकडं आहे. दादा, तुमच्या जागेवर आधी किती जण होते ते पण लिहा.

आणि तास कमी करणं हे लाड नाहीत. नारायण मेघाजी लोखंडे आणि गिरणी कामगार किती वर्षं झगडले तेव्हा १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुट्टी मिळाली. बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कौन्सिलमध्ये मजूर खात्याचे मेंबर असताना त्यांनी कामाच्या तासांचा विषय लावून धरला, १९४६ च्या दुरुस्तीनं कारखान्यातले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले, आणि १९४८ च्या कारखाने कायद्यात तीच मर्यादा कायम राहिली. माझे आजोबा जिनिंगमध्ये होते, ते तारखा सांगू शकायचे नाहीत पण रविवार कुणामुळं मिळाला हे त्यांना नीट माहीत होतं.

तुमचे १२ गुणिले ६ म्हणजे ७२ तास होतात. स्टॅनफर्डचे जॉन पेनकॅवल म्हणून प्राध्यापक आहेत, त्यांनी २०१४ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटनमधल्या दारूगोळा कारखान्यांच्या जुन्या नोंदी तपासल्या, तिथं बहुतेक बायकाच कामाला होत्या. साधारण पन्नास तासांच्या पुढं दर तासाचं काम घसरत गेलेलं, आणि ७० तास राबलेल्यांचं उत्पादन ५६ तासवाल्यांपेक्षा फार काही जास्त भरलं नाही. म्हणजे वरचे चौदा तास जवळजवळ पाण्यात. जर्मनीत झाईसच्या कारखान्यात अर्न्स्ट आबे यांनी १९०० साली नऊचे आठ तास केले तेव्हा पण रोजचं काम कमी झालं नव्हतं, उलट थोडं वाढलं. तुमच्या ८४० आणि ४८० ची गोष्ट वाचून मला हेच आठवलं. हे साहेबांना सांगा, पण नुसतं सांगून ते ऐकणार नाहीत, तुमच्या डिस्पॅचचे आकडे बरोबर घेऊन जा.

परभणी_कारकून

मी एका तहसीलमध्ये आहे. २९ फेब्रुवारी २०२० पासून आम्हाला पाच दिवसांचा आठवडा झाला, त्या बदल्यात रोजची वेळ वाढून पावणेदहा ते सव्वासहा झाली. शनिवारची सुट्टी मिळाली तरी जूनमध्ये दाखल्यांची गर्दी तीच. उत्पन्नाचा, जातीचा, नॉन क्रिमीलेअर, सगळ्यांना ॲडमिशनच्या आत पाहिजे. त्रास गर्दीचा नव्हता हो, एकच फाईल तीनदा हातात यायची, कधी रेशन कार्डाची झेरॉक्स नाही, कधी तलाठ्याचा अहवाल नाही. आम्ही दारातच एक टेबल लावलं, कागद तपासायला एक माणूस, पूर्ण असेल तरच आत. एक माणूस आतून कमी झाला तरी फाईली लवकर निघाल्या, आणि लांबच्या गावाहून एसटीनं आलेल्या माणसाला दुपारी चारला परत जा म्हणायची वेळ कमी आली. मला त्याचं जास्त समाधान आहे.

शेतातलं तर सगळ्यांना माहितीच आहे. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४४ वर जातो, पाचला शेतात गेलेला माणूस दहाला झाडाखाली येतो, भर उन्हात कुणी नांगर धरत नाही. तुम्ही तुमचं नांगरटीचं काम साडेपाचला घ्यायलात, ते सकाळी घ्या.

प्लॅनिंग_वाळूज

महिना झाला, लिहायचं राहिलं होतं. सगळ्यांचे आभार, खरंच.

काकांचं ऐकून सहा दिवस वही लिहिली. एका मंगळवारी ६३ फोन. त्यातले ४१ 'हा पार्ट कधी निघणार' एवढंच विचारणारे, आणि सगळे मिळून १४ पार्ट. ताईंचा अंदाज बरोबर निघाला. रोजचे तीन तास याच्यातच जात होते आणि मला वाटायचं मी काम करतोय. मग एक शीट केली, पार्ट, क्वांटिटी, कुठं अडलंय, गाडी किती वाजता, बास. सेल्सला आणि कस्टमरच्या माणसाला लिंक दिली, डिस्पॅचजवळ फळ्यावर पण तेच लिहितो. अकराला आणि चारला अपडेट, चुकवायचं नाही. पहिला आठवडा लोक शीट उघडून पण फोन करायचे, खरंय का विचारायला. दोनदा आकडा चुकला असता तर कुणी परत बघितलं नसतं, म्हणून त्या दिवसांत मी आधी शीट आणि मग चहा असं केलं. आता १८-२० फोन येतात.

स्टॉकचा आकडा खरंच तयार नसायचा. स्टोअरच्या माणसावर चिडायचो मी, एक दिवस त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो तर कळलं, तो गाडी खाली करून घेतो आणि एंट्री संध्याकाळी एकदम मारतो, कारण त्याला कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत आहे. जुना पीसी गेटजवळ हलवून घेतला. त्याला दहा दिवस लागले, परवानगीलाच आठ. आता प्लॅन सकाळी पावणेनऊ ते दहा, फोन शेजारच्या पोराकडं.

सगळ्यात मोठा फरक मात्र बायकोच्या चार्ज देण्यावरून पडला. सेकंड शिफ्टचा सुपरवायझर दोनलाच आलेला असायचा आणि मी त्याला काहीच न देता रात्रीपर्यंत गाड्या स्वतः काढायचो. त्याला विचारलं तर तो लगेच हो म्हणाला, एकच अट, तोंडी नको, कागदावर द्या. बायकोनं त्यांच्याकडं कसं लिहितात ते दाखवलं, काय झालं, काय राहिलं, कशावर लक्ष ठेवायचं, डॉक्टरला कधी उठवायचं. तसाच कागद पावणेसहाला डॉकवर, म्हणजे गाड्या भरतात तिथं, दहा मिनिटं उभं राहून देतो.

जालन्याच्या भावाचं विचारणं बरोबर होतं, या जागेवर २०१९ पर्यंत आम्ही दोघं होतो. साहेबांसमोर आकडे घेऊन गेलो, उशिरा गेलेल्या लाईन, म्हणजे ऑर्डरमधल्या ओळी, १९ वरून ७ वर आल्यात. लवकर जातोस म्हणून पहिले दोन दिवस बोलले होते, ते आता बोलत नाहीत. दुसऱ्या माणसाचं बघू म्हणाले, लेखी काही नाही, मी मागं लागणार आहे. २५ तारखेला पुढच्या महिन्याचं शेड्युल येतं तेव्हा दोन दिवस अजून पण नऊ वाजतात, त्यावर काही सुचलं नाही, कुणाला माहीत असेल तर लिहा. रात्रीचे फोन पण पूर्ण थांबले नाहीत.

बाकी दिवस साडेसहाला गेटच्या बाहेर. शीटचा फॉरमॅट उद्या टाकतो, आज हिची नाईट आहे, साडेसातला निघायचंय तिला आणि त्याआधी घराचा अन् पोरीचा चार्ज माझ्याकडं घ्यायचाय.