मदत हवी आहे: पश्चिमेची चार इंची भिंत रात्रीपर्यंत तापलेली राहते, बाहेरून काय लावावं?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव वरोरा तालुक्यात. २०१९ मध्ये जुनं मातीचं घर पाडून विटांचं बांधलं, वर स्लॅब. पैसे पुरेनात म्हणून मागच्या खोलीची भिंत चार इंचीच घेतली. ती नेमकी पश्चिमेला आली, आणि पलीकडे उघडं वावर. मे महिन्यात पारा ४६-४७ ला जातो. रात्री साडेनऊला त्या भिंतीला पालथा हात लावला, तर नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखी लागते. माझे ७६ वर्षांचे बाबा त्याच खोलीत झोपतात. कूलर चालू असूनही पहाटे तीनपर्यंत त्यांचा डोळा लागत नाही.

जुन्या घराच्या भिंती दीड हात जाड होत्या. कवेलूखाली भर दुपारीही गार वाटायचं. पाडायची घाई मीच केली, त्याचं फार वाईट वाटतं.

गच्चीला चुन्याचे दोन हात मारले, त्यानं स्लॅब बराच निवला. भिंतीवर ओला बारदाना टांगून पाहिला, पण अर्ध्या तासात वाळून कडक. एवढं पाणी उन्हाळ्यात आणायचं कुठून?

मिस्त्री म्हणतो, आतून थर्माकोल लावून पीओपी करा. शेजारचे काका म्हणतात, राखेच्या विटांची दुसरी भिंत उभारा. पण आमची जमीन काळी, पायवा उथळ राहिला की तडे ठरलेले. तिसरा पर्याय बाहेरून सिमेंट शीटचा. भिंत १२ फूट लांब, १० फूट उंच आहे. कोणी स्वतः करून पाहिलंय का?

उत्तर:
भाऊ, आतून नका लावू. उष्णता अडेल, पण भिंत तापतच राहील, थर्माकोलात मुंग्या घर करतील आणि वायरिंग जळालं तर त्याचा धूर जीवघेणा असतो. ऊन भिंतीला लागूच न देणं हे पहिलं काम. लोखंडी अँगलवर शीट बसवा, मागे दोन इंच पोकळी सोडा. ती खाली-वर उघडी ठेवा, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाते आणि खालून दुसरी आत येते. दोन्ही तोंडांना बारीक जाळी मारा, नाहीतर उंदीर आणि गांधीलमाशा शिरतात. शीटला पांढरा रंग द्या.

एवढ्यानं भागलं नाही तर भिंतीला बाहेरून दोन इंची थर्माकोल, जाळी आणि प्लास्टर. उष्णता अडवायला तो जवळजवळ तीन फूट जाड विटांच्या भिंतीइतका ठरतो. ते काम शीटच्या आधी करावं लागतं, म्हणून आत्ताच ठरवा.

धागाकर्ता:
खूप आभार. मग थर्माकोल आणि शीट दोन्हीचा हिशेब काढतो. फक्त एक सांगा, आमच्याकडे पावसाची झड पश्चिमेकडूनच येते. वरच्या तोंडावर पत्र्याची पट्टी किती बाहेर काढू? बाबांना या नवतप्याआधी (मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांआधी) त्या खोलीत निवांत झोप मिळावी, एवढीच घाई आहे.