फिरवणं वाढवलं, तरी लॅब्रेडॉरचा काटा हलत नाही

चिमणीची_माणसं

आमची लॅब्रेडॉर, मादी, वय सात, नसबंदी झालेली. नाव चिमणी (ठेवलं तेव्हा ओंजळीत मावायची), वजन ३८ किलो. डॉक्टरांनी बरगड्या चाचपल्या, कार्डावर जाडीचा अंक ‘नऊपैकी आठ’ असा लिहिला आणि ३० किलोपर्यंत आणा म्हणाले. उठताना तिचा मागचा डावा पाय आखडतो. एक्स-रेमध्ये गुडघ्याची झीज दिसतेय. म्हणजे प्रश्न आता नुसत्या दिसण्याचा राहिलेला नाही.

मी लगेच फिरवणं वाढवलं. सकाळची फेरी लांबवली, संध्याकाळी मैदानात चेंडू. ती खूश, मी दमलेली, काटा जागच्या जागी. मागच्या वेळी तर थोडा पुढेच सरकला होता.

खाणं म्हणाल तर कोरडं डॉगफूड, सकाळ-संध्याकाळ एकेक मापटं. वरचं किरकोळ: सांध्याची गोळी चीजच्या तुकड्यात घालून, रात्री दातांसाठीची एक काडी, आणि बाबांकडून (माझे सासरे) बिस्किटं. बाबांना सांगून पाहिलं. ‘मुक्या जिवाच्या तोंडचा घास काढू नये’ म्हणतात, आणि यावर माझ्याकडे उत्तर नसतं.

व्यायाम आणखी कोणता करून घेऊ? पोहायला नेण्याची सोय आहे, त्याने फरक पडेल? आणि ती चोवीस तास भुकेली असते, ती खरी भूक की नाटक?

खोडकर_शेपूट

सरळ अर्धं खाणं करा. दोन दिवस तोंड पाडून बसेल, मग सवय होते. लाड केले की हेच होतं.

काटेवाली

अर्धं करू नका, त्याचं कारण पुढे सांगते. आधी चेंडू बंद करा, आजपासूनच. झिजलेला गुडघा, वर आठ किलोचं ओझं, आणि त्यात धावत सुटायचं, गचकन थांबायचं, गर्रकन वळायचं. गुडघ्यातला अस्थिबंध (लिगामेंट) असाच तुटतो. मग ऑपरेशन, मग पिंजऱ्यातली विश्रांती, मग वजन अजून वर.

मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते, वजन उतरवायला आलेली कुत्री बहुतेक माझ्याच वाट्याला येतात. आलेला माणूस व्यायामाचंच विचारतो. बाऊलबद्दल कुणी विचारत नाही, कारण बाऊल भरणारे आपण असतो. हिशेब मांडून बघा. चालताना कुत्रं साधारण दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे एक किलोकॅलरी खर्च करतं. चिमणीला रोज दोन किलोमीटर जास्त चालवलंत तर झाले ७५-८०. वीस ग्रॅम चीज जवळपास तेवढंच भरतं. गोळी दिली की तुमची वाढीव फेरी फिटली.

आता ‘मापटं’. मापटं म्हणजे किती ग्रॅम? हे मला आजवर एकानेही वजन करून सांगितलेलं नाही. एकच माप दोन माणसांनी भरलं तरी वेगवेगळं भरतं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढा आणि इथून पुढे सगळं ग्रॅममध्ये बोला.

द्यायचं किती, त्याचा हिशेब आजच्या ३८ किलोवर करायचा नाही, जिथे पोचायचं त्या ३० वर करायचा. साध्या कॅल्क्युलेटरवर ३० गुणिले ३० गुणिले ३० करा, आलेल्या २७,००० वर वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा, १२.८ येईल. त्याला ७० ने गुणा. साधारण ९०० किलोकॅलरी. दिवसभराचं सगळं यात बसायला हवं, खाऊसकट. खाऊला जास्तीत जास्त दहावा हिस्सा, म्हणजे ९०. उरले ८१०. पिशवीवर १०० ग्रॅमला ३६० किलोकॅलरी लिहिलं असेल तर २२५ ग्रॅम, दिवसाचे, दोन्ही वेळचे मिळून. पिशवीवर वजनानुसार किती द्यायचं याचा तक्ता असतो, त्याच्या नादी लागू नका. तो निरोगी वजनाच्या कुत्र्याला आहे तसं ठेवण्यासाठी असतो. शिवाय नसबंदीनंतर ऊर्जेची गरज बरीच उतरते, ते त्या तक्त्याला कुठलं माहीत असणार.

आता खोडकर_शेपूट यांचं ‘अर्धं करा’. नेहमीच्या डॉगफूडमध्ये प्रथिनं, खनिजं, जीवनसत्त्वं ही पूर्ण खुराक पोटात जाईल असं धरून घातलेली असतात. खुराक निम्म्यावर आणला की कॅलरींबरोबर तीही निम्मी होतात, आणि चरबीसोबत स्नायूही झडतात. एवढं वजन उतरवायचं असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने मिळणारा वजन घटवण्याचा खास आहार घ्या. त्यात कॅलरी कमी, प्रथिनं आणि तंतू जास्त, बाकीचं पुरेसं असतं. त्याचे ग्रॅम वेगळे निघतील, कारण पिशवीवरचा आकडा वेगळा. ९०० तेच राहतात. हे सगळं घेऊन एकदा डॉक्टरांसमोर बसा.

वेग: आठवड्याला वजनाच्या एक ते दोन टक्के. म्हणजे सुरुवातीला ४०० ते ७५० ग्रॅम. आठ किलोला तीन ते सहा महिने लागतील, घाई नको. पायाला मात्र फरक आधीच दिसेल. सांधेदुखी असलेल्या लठ्ठ कुत्र्यांच्या २०१० मधल्या एका अभ्यासात वजन साधारण सहा टक्के उतरलं तेव्हाच लंगडणं कमी झालेलं दिसलं होतं. चिमणीच्या बाबतीत ते सव्वादोन किलो.

चिमणीची_माणसं

काटा काढला. मापटं मी भरलं तर १७८ ग्रॅम, नवऱ्याने भरलं तर २०५. पिशवीवर १०० ग्रॅमला ३६५. म्हणजे नुसत्या जेवणाचेच १,४०० च्या आसपास होतात. दातांची काडी ७०. बाबांच्या बिस्किटावर एकाला ३५ लिहिलंय. बाबा म्हणाले, ‘दोनच तर देतो.’ शेजारी मुलगी बसली होती, ती म्हणाली, ‘आजोबा, पाच.’ चीज धरून १,७०० च्या वर गेलं.

९०० ऐकून नवरा म्हणतोय, उपाशी मारायची आहे का तिला?

आजोबा_पक्ष

सूनबाई, मी तुमच्या सासऱ्यांच्या पक्षातला. आमच्याकडेही मुलगा आणि सून एका बाजूला, मी आणि कुत्रा दुसऱ्या. त्यांना ‘देऊ नका’ सांगाल तर ते लपून देतील, हे मी अनुभवाने सांगतो.

त्यांना एक डबा द्या. सकाळी दिवसाचं खाणं तोललं की त्यातलेच तीसेक ग्रॅम त्या डब्यात काढायचे. बाऊलमध्ये तेवढं कमी पडेल. दिवसभर त्यांच्या हातून जाईल ते त्या डब्यातून, एकेक दाणा. कुत्र्याला हातून मिळाल्याशी मतलब, बिस्किटाएवढं मोठं असावं असा त्याचा काही हट्ट नसतो. डबा संपला की संपला. मला हा अधिकार मिळाल्यापासून आमच्या घरात शांतता आहे.

आणि त्या मुक्या जिवाच्या घासाबद्दल. मला ज्याने गप्प केलं ते सांगतो. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉरांवर एक अभ्यास झाला, २००२ साली छापून आला. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला जेवढं खाणं, त्याच्या भावंडाला त्यापेक्षा पाव हिस्सा कमी, जन्मभर. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुर्मान (निम्मी त्याआधी गेली, निम्मी नंतर) १३ वर्षं, दुसऱ्यांचं ११.२. सांधेही त्यांचे उशिरा दुखायला लागले. पैसा एका डॉगफूड कंपनीचा होता, तेव्हा कमी विकलं जावं म्हणून तर कुणी आकडे फुगवणार नाही. हे सासऱ्यांना तुम्ही सांगू नका, नातीला वाचून दाखवायला सांगा.

दोन_लॅब_एक_सोफा

भूक की नाटक, यावर. लॅबच्या बाबतीत बऱ्याचदा खरी भूक. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्रेडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. याच गटाने २०२४ मध्ये पुढचं मांडलं: अशी कुत्री स्वस्थ पडलेली असताना ऊर्जाही सुमारे पाव हिस्सा कमी जाळतात. भूक जास्त आणि खर्च कमी, दोन्हीकडून मार. त्यामुळे ‘बिचारी मागतेय म्हणजे तिला हवंय’ हा निकष लॅबला लावता येत नाही.

आम्ही बाऊल जवळजवळ बंदच केला. तोललेलं खाणं लोळवायच्या चेंडूत किंवा गवतावर पसरून. तेवढंच खाणं मिनिटभरात फस्त व्हायचं, आता वास घेत शोधत राहतात आणि संपल्यावर चक्क झोपतात. तीन-चार वेळांत वाटून दिलं तरी चालतं, बेरीज तीच हवी.

नवा_सभासद

भूक मारायची एखादी गोळी नसते का? आणि थायरॉइड तपासलं का?

काटेवाली

गोळी होती. डर्लोटापाइड, अमेरिकेत २००७ मध्ये कुत्र्यांच्या लठ्ठपणासाठी मंजूर झालेलं पहिलं औषध. भूक कमी करायचं, पण औषध थांबलं की भूक परत, आणि घरातल्या सवयी तशाच असतील तर वजनही परत. पुढे ते बाजारातूनच गेलं. माणसांची वजनाची औषधं कुत्र्याला देण्याचा विचारही करू नका.

थायरॉइडचं विचारलंत ते बरं केलंत. १,७०० चा हिशेब लागलाय, त्यामुळे चिमणीचं कारण ताटातच आहे असं मला वाटतं. पण सातव्या वर्षी एकदा रक्त तपासून घ्यावं. सुस्ती, दोन्ही बाजूंचे केस सारखे विरळ होणं, थंडी सहन न होणं ही थायरॉइडची लक्षणं. नुसती टी-फोर (थायरॉइडच्या संप्रेरकाची पातळी) कमी आली म्हणून निदान होत नाही, दुसऱ्या आजारांतही ती उतरते, सोबत टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) तपासावं लागतं. पोट घागरीसारखं सुटलंय, पाणी प्रचंड पितेय, लघवी वाढलीय, तर कुशिंग (अंगात कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार) असू शकतो. आणि खाजेसाठी स्टेरॉइड चालू असेल तर ते आधी सांगा, त्यानेही भूक खवळते.

चिमणीची_माणसं, तुमच्या नवऱ्याला सांगा, ९०० म्हणजे उपासमार नाही. लक्ष्य वजनाच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला जेवढं लागतं तेवढं ते आहे, उरलेला खर्च अंगावरच्या चरबीतून भागणार. हा तर हेतूच आहे. फक्त १,७०० वरून एका रात्रीत ९०० वर येऊ नका. आठवडा-दहा दिवसांत जुनं खाणं कमी करत नवं वाढवत न्या, पोटही बिघडणार नाही.

पोहणं: जरूर. पाण्यात सांध्यांवर भार येत नाही आणि स्नायू टिकतात. व्यायामाचं खरं काम तेच, वजन उतरताना स्नायू राखणं. लाइफ जॅकेट घाला. पहिल्यांदा पाचेक मिनिटांतच बाहेर काढा, ती दमलीय हे ती सांगणार नाही. नंतर कान कोरडे करा, लॅबचे लोंबते कान ओले राहिले की संसर्ग ठरलेला. जमिनीवर पट्ट्याने, एका चालीत, मऊ मातीवर किंवा गवतावर. एका लांब फेरीपेक्षा दोन-तीन छोट्या. दुसऱ्या दिवशी उठताना जास्त आखडली तर आदली फेरी जास्त झाली असं समजा. उन्हात अजिबात नाही, चरबीमुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही आणि जाड कुत्री उष्माघाताने पटकन जातात.

चिमणीची_माणसं

डबा बाबांच्या हवाली केला. झाकणावर मुलीने ‘फक्त चिमणीसाठी, आजोबांसाठी नाही’ असं लिहिलंय. शेवटचे दोन प्रश्न: पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून भाज्या घालू का? आणि गोळी कशात देऊ?

काटेवाली

फरसबी, गाजर, काकडी चालेल, बिनमिठाची, उकडून किंवा बारीक करून. बाजारातली डबाबंद, मीठ घातलेली फरसबी नको. मूठभर वरून घाला, पण जेवणाच्या जागी नाही, नाहीतर पुन्हा प्रथिनांचा तोच घोळ. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे कधीच नाही. गोळी त्याच आहाराच्या ओल्या प्रकारात चमचाभर लपेटून द्या आणि तो चमचा हिशेबात धरा. पीनट बटर हा बऱ्याच जणांचा आवडता उपाय, पण एका मोठ्या चमच्यात शंभरेक किलोकॅलरी असतात, आणि ‘शुगर-फ्री’ लिहिलेल्यात झायलिटॉल असेल तर ते कुत्र्याला विष.

वजन दर दोन आठवड्यांनी, त्याच काट्यावर, खाण्याआधी. दवाखान्यातला जमिनीवरचा काटा वापरायला बहुतेक ठिकाणी तपासणीचे पैसे घेत नाहीत, विचारून बघा. सोबत वरून एक फोटो काढून ठेवा, कंबर कुठे दिसायला लागते ते काट्याआधी फोटोत कळतं. दोन वजनांत काहीच हललं नाही तर आधी घरातल्या सगळ्यांची चौकशी, मग दहा टक्के कमी. आठवड्याला दोन टक्क्यांच्या वर उतरत असेल तर थोडं वाढवा. ३० वर पोचल्यावर जुन्या मापट्याकडे परत जायचं नाही, दहा-दहा टक्क्यांनी वाढवत जिथे वजन थांबेल तिथे थांबायचं.

दातांची काडी सोडा, ब्रश करा. कुत्र्यांची टूथपेस्ट वेगळी मिळते, माणसांची वापरू नका.