ताकेशी कितानोचे सिनेमे : सुरुवात कुठून?

पोगोपंथी :
आमची पिढी पोगोवर 'ताकेशीज कॅसल' बघून वाढलेली. जावेद जाफरीची कॉमेंट्री, धपाधप चिखलात पडणारे जपानी... त्यातला किल्ल्याचा मालक ताकेशी म्हणजेच दिग्दर्शक ताकेशी कितानो, हे परवा कळलं! काल 'हाना-बी' लावला. हीरो बोलेचना, मधेच एकाच्या डोळ्यात चॉपस्टिक. बायको उठून गेली. काय बघू?

रात्रपाळी :
'सोनाटिने' (1993). टोकियोतला कंटाळलेला याकुझा (जपानी माफियातला गुंड) माणसं घेऊन ओकिनावाला जातो, प्रकरण अंगलट येतं आणि टोळी समुद्रकाठच्या घरात लपते. आता गुंडांचा वेळ जाता जात नाही! कागदी सुमो नाचवून झाले की वाळूत रिंगण आखून स्वतःच त्या बाहुल्यांसारखे टुणटुण उड्या मारत कुस्ती खेळतात. खड्डे खणून एकमेकांना पाडतात. रात्री फटाक्यांची लढाई, आणि त्यात हा बाबा खरं पिस्तूल काढून झाडतो. खरा सिनेमा हाच, बाकी टोळीयुद्ध निमित्ताला.

रक्त आहे, पण आटोपशीर. बारमधल्या गोळीबारात कुणी टेबलाआड लपत नाही, संगीत नाही. ढिम्म चेहऱ्याने उभे राहून गोळ्या घालतात, पडतात, संपलं. आपल्याकडे हाणामारीआधी दहा मिनिटं ढोल बडवतात. इथे पूर्वसूचनाच नाही, म्हणून धसका बसतो.

'हाना-बी' (1997) मात्र सोडू नका. व्हेनिस चित्रपट महोत्सवात सुवर्णसिंह, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार, उगाच नाही मिळाला. 1994 च्या मोटरसायकल अपघातात कितानोचा अर्धा चेहरा लुळा पडला, त्या काळात तो चित्रं काढायला लागला. व्हीलचेअरवरचा पोलीस रंगवतो ती फुलांच्या तोंडाची जनावरं कितानोचीच.

आळशी_उंट :
वहिनींना 'किकुजिरो' (1999) दाखवा. आईला शोधायला निघालेलं पोर आणि सोबतीला एक वाह्यात काका. जो हिसाइशीचं संगीत. बागेतला एक प्रसंग तेवढा अंगावर येतो, आधीच सांगून ठेवा.

पोगोपंथी :
आणि 'झातोइची'?

रात्रपाळी :
बघा की. आंधळा तलवारबाज, शेवटी अख्खं गाव लाकडी खडावांवर टॅप डान्स करतं. रक्त कॉम्प्युटरचं आहे, दिसतंही तसंच. पण वहिनींसमोर नको, कापाकापी बरीच आहे.

पोगोपंथी :
मग शनिवारी 'किकुजिरो' दोघं, 'सोनाटिने' मी एकटा, हेडफोन लावून.